शुक्रवारचं हळदीकुंकू

दुसरं मूल गेलं तेव्हा बाळंतिणीचे लाडू डब्यात भरून तयार होते. डिंक, खारीक, खोबरं, मेथी, घरचं तूप. सासूबाईंनी दोन दिवस चुलीपुढे बसून ते केले होते. मूल तिसऱ्या दिवशी गेलं आणि लाडू राहिले.

"खाई ले, माय," सासूबाई म्हणायच्या. "पुढलं मूल जगाले आंगमा बळ लागस."

त्या सकाळी एक आणि संध्याकाळी एक लाडू माझ्या हातावर ठेवत आणि मी तो संपवेपर्यंत समोर बसून राहत. त्यात जाच नव्हता, मायाच होती. पहिलं मूल गेलं तेव्हाही त्यांनी असंच केलं होतं. मला चव कळत नसे, पण नाही म्हणायलाही बळ लागतं आणि ते माझ्यात नव्हतं. मी खात गेले. लाडू संपले तर शिरा, शिरा संपला तर दुधात भिजवलेली भाकरी. मधल्या वेळी कोणी दिलं नाही तरी मी डब्यात हात घालू लागले. भूक म्हणून नाही. तोंड हलत असलं की कोणी बोलायला लावत नसे.

वर्षभरात मी एवढी जाड झाले की कासार आला तेव्हा साबण लावूनही बांगडी हातात जाईना. शहाद्याच्या आमच्या घराला माडीवर जायला अकरा पायऱ्या होत्या, त्यात मी दोनदा बसत असे. आळीतल्या बायका म्हणत, "सून कशी भरनी! आते बरी शे." आमच्याकडे अंग भरलं म्हणजे माणूस बरं झालं असं समजतात. मी मात्र दिवसचे दिवस मागच्या ओट्यावर बसून समोरच्या भिंतीकडे पाहत असे. रडूही येत नसे. कोणी हाक मारली तर ती दुसऱ्याच कोणाला मारली असं वाटे.

मी बरी नाही हे घरात ओळखलं ते एकट्या माझ्या नणंदेने. ती माझ्याहून वर्षाने मोठी, मी तिला अक्का म्हणत असे. बाराव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी आली होती. आमच्यात पुन्हा पाट लावत नाहीत, त्यामुळे ती आली ती राहिली. सासूबाईही विधवा. घरात कुंकू लावणारी मी एकटी. अक्का किडकिडीत होती, चालताना नेहमी पळत असल्यासारखी वाटे, आणि तिची जीभ तिखट होती. एकदा ओट्यावर येऊन मला म्हणाली, "वहिनी, भिंत पडी जाई आते. किती देखशी तिले?"

मी भिंतीकडेच पाहत राहिले.

"ऊठ. शिवन शिकाले चाल मन्हासंगे."

मुलींच्या शाळेत एक मास्तरीणबाई नवीन आल्या होत्या. त्यांचे यजमान कचेरीत कारकून होते. त्या नाशिककडच्या, शुद्ध बोलायच्या. शुक्रवारी दुपारी मुली घरी गेल्या की शाळेत आळीतल्या बायकांना शिवण शिकवतात, असं अक्काने घरी सांगितलं होतं. सासूबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, "जाय, लई जाय तिले."

शाळेच्या मागे अंगण होतं, भोवती बाभळीच्या काट्यांचं उंच कुंपण. आत जाऊन पाहते तो शिवणाचं यंत्र नाही, सुई नाही, दोरा नाही. पंधरा-सोळा बायका लुगड्यांचे काचे मारून उभ्या. जमिनीवर राखेने रेघ ओढलेली. बाई म्हणाल्या, "या. हुतुतू येतो का?"

लहानपणी, लग्नाआधी, खेळले होते. मी मान खाली घातली. मला पळताही येणार नव्हतं, आणि एवढ्या बायकांसमोर काचा मारायचा म्हणजे मरण वाटलं. मी परत फिरणार तेवढ्यात अक्काने माझा हात धरला आणि मनगटावर चिंधी गुंडाळायला लागली.

ते चिंध्यांचं सांगायला हवं. खेळताना काचेची बांगडी वाढली तर घरी काय सांगायचं? आणि सवाष्णीच्या हातातली बांगडी फुटणं अशुभ. म्हणून खेळाआधी प्रत्येकीच्या दोन्ही हातांवर, बांगड्यांवरून, जुन्या धोतराच्या चिंध्या घट्ट बांधायच्या. हे काम अक्काकडे होतं, कारण तिचे हात मोकळे होते. ती रांगेने सगळ्यांचे हात बांधत जाई, एकेकीला टोमणे मारत. "हाई पाटलीन! इन्हा हातवर आख्खं धोतर लागस." सगळ्यांचे बांधून झाले की स्वतः तशीच रेघेवर जाऊन उभी राही.

पहिल्या दिवशी मला फक्त साखळीत उभं केलं. हात धरून उभं राहायचं, चढाई करणारी आली की घेरायची. समोरच्या बाजूची एक शिंपीण मला बघून म्हणाली, "ही तं कणगी शे व माय! इले कोन हलाई?"

सगळ्या हसल्या. मला जमिनीत जावंसं वाटलं. पण अक्का म्हणाली, "ये ना मंग. देखू कशी जास तू परत."

शिंपीण चढाई करत आली. 'हुतुतू हुतुतू' करत तिने माझ्या दंडाला हात लावला आणि वळली. मी काय केलं ते मला कळलं नाही. मी तिच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि नुसती उभी राहिले. ती ओढत होती, लाथा झाडत होती, आणि मी हलत नव्हते. तिचा दम तुटला. आमच्या बाजूच्या बायका ओरडत माझ्या अंगावर पडल्या. कोणाचा घाम माझ्या गालाला लागला. दोन वर्षांत बाळंतपणाच्या सुईणीखेरीज मला कोणी असं धरलं नव्हतं.

घरी येऊन मी दोन भाकरी खाल्ल्या आणि मला त्यातलं मीठ लागलं. एवढंच. पण ते माझ्या लक्षात राहिलं आहे.

पुढच्या शुक्रवारी मी अक्काच्या आधी तयार होते.

चढाई मला पहिला महिनाभर जमली नाही. रेघ ओलांडून चार पावलं गेले की दम संपे. अक्का मला घरी शिकवायची. जात्यावर दळताना म्हणायची, "ओवी नको म्हनू. हुतुतू म्हन. एक पायलीभर दळन व्हवाले पायजे." सासूबाई बाहेर असल्या की आम्ही दोघी जात्याचा खुंटा धरून 'हुतुतू' करायचो आणि हसू आलं की पीठ उडायचं. अक्काचा दम जबर होता. ती चढाईला गेली की पलीकडे जाऊन दोघींना बाद करून, वर परतताना रेघेजवळ उगाच थांबून त्यांना वेडावून मग यायची. खेळताना तिच्याकडे बघितलं की ती बारा वर्षांची वाटे. तेवढीच असताना तिचं खेळणं संपलं होतं.

मी डब्यात हात घालायचं सोडलं. ठरवून नाही. शुक्रवारी जड वाटतं म्हणून गुरुवारी कमी खायचे, मग बुधवारीही. पायऱ्या न बसता चढू लागले. चोळ्या सैल झाल्या. कासार आला तेव्हा बांगड्या सरळ गेल्या आणि तो म्हणाला, "बाई, मागलं माप आते चालाव नही." ओट्यावर बसायला वेळ उरला नव्हता असं नाही, पण बसले तरी भिंत दिसत नसे, शिंपिणीला कोणत्या बाजूने धरायचं ते दिसे. मुलांची आठवण आली तर आता रडू येत असे. ते येऊ लागलं हेही मला बरं वाटलं.

सासूबाई मात्र काळजीत पडल्या. "सुकी ऱ्हायनी," म्हणत माझ्या ताटात जास्तीचं तूप घालत.

असे चार महिने गेले. मग शिवणाची अडचण झाली. घराघरांतून सासवा विचारू लागल्या की चार महिने शिवण शिकता, तर शिवलेलं कुठे आहे? एकीची सासू म्हणाली होती, "एक पोलकं तं दाखाड!" दुसरीला नवऱ्याने सदरा शिवायला कापडच आणून दिलं होतं. त्या शुक्रवारी खेळ झाल्यावर सगळ्या राखेच्या रेघेभोवती बसल्या. बाई म्हणाल्या, "खरं सांगितलं तर पुढच्या शुक्रवारी चौघीसुद्धा येणार नाहीत. दुसरं काहीतरी सांगायला हवं."

कोणी म्हणालं, भजन सांगू.

"भजन म्हने तं मन्ही सासूच पुढे यी बसनार," शिंपीण म्हणाली.

पोथीचंही तेच. नागपूजा, तुळशीची पूजा, सगळ्यांत सासवा येणारच. बाई काडीने राखेची रेघ पुसू लागल्या. मला वाटलं, आता हे संपणार. पुन्हा ओटा. आणि मी, चारचौघींत कधी तोंड न उघडणारी, बोलले.

"हळदीकुंकू सांगा. तरण्या सुनांचं, शुक्रवारचं. सासवा त्यात येत नाहीत, आणि सुनेला नाही म्हणायची कोणाची छाती नाही."

सगळ्यात आधी टाळी वाजवली ती अक्काने. "वहिनी बोलनी!" ती ओरडली. "मन्ही वहिनी बोलनी!" बायका हसल्या, कोणी माझी पाठ थोपटली. बाई म्हणाल्या, "शाबास. ज्या बोलत नाहीत त्यांचंच डोकं चालतं." माझे कान गरम झाले. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

बाई लगेच शेजारच्या आपल्या घरात गेल्या आणि कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. "आजपासूनच सुरू. घरी जाताना कपाळावर दिसू दे." त्या रांगेने एकेकीला कुंकू लावत आल्या. शिंपिणीला, पाटलिणीला, मला. माझ्या शेजारी अक्का बसली होती, अजून हसत होती. बाईंचं कुंकवाचं बोट तिच्यापर्यंत गेलं आणि थांबलं.

अक्काने वर पाहिलं. मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी बोट आपल्या पदराला पुसलं.

"चिंध्या गोळा करू द्या," अक्का म्हणाली आणि उठली. तिने प्रत्येकीच्या हातावरच्या चिंध्या सोडल्या, त्यांची गुंडाळी केली आणि माझ्या ओटीत टाकली. "तूच आनत जाय आते."

त्या दिवशी घरी येताना ती पुढे आणि मी मागे. मला वाटलं, मी काहीतरी बोलेन. घर आलं.

पुढच्या गुरुवारी मी सासूबाईंकडे गेले. त्या दाराशी सुपात ज्वारी पाखडत होत्या. मी खांबाला धरून उभी राहिले आणि म्हटलं, "अक्काले बी लई जाऊ का?"

"कोठे?"

"मास्तरीणबाईकडे. हळदीकुंकवाले."

सूप थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. म्हणाल्या, "हळदीकुंकूच शे ना?"

मला वाटलं त्यांना संशय आला. आता खरं निघालं तर आपलंच नाही, पंधरा-सोळा बायकांचं जाईल. बाईंची नोकरीसुद्धा जाईल. माझ्या मनात हे सगळं आलं हे खरं आहे, पण त्याच्याखाली दुसरंही होतं: मला शुक्रवार हवा होता.

"हा," मी म्हटलं. "हळदीकुंकूच शे."

त्यांनी मान खाली घातली आणि सूप पुन्हा हलू लागलं. "मंग ती कशी यी?" त्या म्हणाल्या.

मी एकटी जाऊ लागले. पहिल्यांदा म्हटलं, मी पण नाही जात. अक्का चिडली. "तू बसशी तं मी खेळसू का? दोन्हीजनी बसू आन भिंत देखू? जाय तू." मी ते ऐकलं, कारण मला ऐकायचंच होतं. चिंध्या मी दाताने ओढून बांधू लागले. तिच्या जागी दुसरी चढाईला जाऊ लागली. शुक्रवारी संध्याकाळी भांडी घासताना अक्का विचारायची, "शिंपिनीले कोनी धरं?" मी सांगायची. ती म्हणायची, तिला डाव्या बाजूने धरायला हवं होतं. काही आठवडे असं चाललं. मग एका शुक्रवारी तिने विचारलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही.

तिचं बोलणं कमी झालं. टोमणे गेले. जात्यावर ती परत ओव्या म्हणू लागली, तेही मनातल्या मनात. सासूबाई म्हणत, "आते शहानी व्हयी गयी." मला ठाऊक होतं ते काय आहे, कारण मी त्यातूनच उठले होते आणि मला उठवणारी तीच होती. तिच्या ओट्यावर जाऊन तिला उठवणं माझं काम होतं. मी नुसती तिच्या शेजारी बसत असे.

दीड वर्षाने बाईंच्या यजमानांची बदली धुळ्याला झाली आणि खेळ आपोआप बंद पडला. तोवर मला दिवस गेले होते. मुलगी झाली. ती जगली. बाराव्या दिवशी तिला पाळण्यात घालायच्या वेळी सवाष्णी लागल्या म्हणून आळीतल्या बायका बोलावल्या, आणि अक्का स्वयंपाकघरात राहिली.

त्याच वर्षी तिचा दीर आला. तापीकाठच्या त्यांच्या गावात, प्रकाशा तीर्थाच्या अलीकडे, घरात करणारं कोणी नव्हतं. त्याची बायको अंथरुणाला खिळली होती. सोळा वर्षांत त्यांनी अक्काची विचारपूस केली नव्हती, आता ते तिला न्यायला आले. सासूबाई नाही म्हणणार होत्या. अक्काच म्हणाली, "जास मी." तिला इथे अडवणारं काही उरलं नव्हतं. गाडीत बसताना तिने माझ्या मुलीचा पापा घेतला आणि मला म्हणाली, "इले पयाले शिकाड." पळायला शिकव. बस, एवढंच.

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि झोके खेळतात. विधवा लेकही येते, तिला झोक्यावर कोणी नाही म्हणत नाही. पहिल्या दोन आखाजींना अक्का आली. अंगाने ती आता जड झाली होती, चालताना दमत होती. झोक्यावर बसली नाही. तिसऱ्या वर्षी सासूबाईंनी गाडी पाठवली. दुपारी गाडी परत आली ती रिकामी. दिराने सांगितलं होतं, कामं आहेत, जमणार नाही.

आम्ही दोघी चुलीपाशी होतो. मी पुरण वाटून देत होते आणि सासूबाई पालथ्या खापरावर मांडे टाकत होत्या. बाहेर निंबाच्या झोक्यावर पोरी गाणी म्हणत होत्या. सासूबाईंनी रिकाम्या गाडीचं ऐकलं. एक मांडा झाला. दुसरा हातावर घेऊन वाढवता वाढवता त्या म्हणाल्या, "तुमी हुतुतू खेळतस, माले माहीत व्हतं."

माझे हात पुरणात होते ते तसेच राहिले.

"फुटेल गुडघा लिसन ज्या बाया घर येतस, त्या काय शिवन करीसन येतस का? लुगडाले राख. पोर हसी ऱ्हायनी, तू जेवी ऱ्हायनी. मी काही इचारं का तुमले?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग एक दिवस तू हळदीकुंकू म्हनी. मी तुले इचारं, हळदीकुंकूच शे ना? तू हा म्हनी." त्यांनी मांडा खापरावर टाकला. "तू दुसरं काही बी म्हनती, माय. शिवन म्हनती. बाईना घर दळन दळाले जातस म्हनती. मी पोरले धाडी देती. पन हळदीकुंकवाले इधवा पोर मी कशी धाडू? लोके काय म्हनतीन? मी वाट देखी, तू दुसरं काही म्हनशी."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. माझ्या सगळ्या आयुष्यात मी चारचौघींत एकदाच बोलले आणि एकदाच बोलायचं राहिलं, आणि दोन्ही चुकलं. हे तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी पुन्हा पुरण वाटायला घेतलं.

"तिले हाई सांगजो नको," सासूबाई म्हणाल्या. "तिले वाटी, मन्ही माय तयार व्हती, वहिनीच नही बोलनी. हाई वाटनं वंगाळ. आते ती समजस, मायनीच नही धाडं. समजू दे."

खापरावरचा मांडा करपू लागला होता. त्याचा वास आला तरी दोघींपैकी कोणी तो उतरवला नाही.

अक्काला वाचता येत नाही. मी पत्र लिहिलं तर दीर वाचून दाखवेल, म्हणून लिहिलं नाही. भेटली तेव्हा मुलीचं बोलले, पावसाचं बोलले. सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा शब्द मी पाळते आहे की अजूनही नुसती घाबरते आहे, हे मला सांगता यायचं नाही. तिला सांगितलेलं नाही. इथे लिहिलं, तेवढंच.